जुन्या विमानांचा जीर्णोद्धारक : रिचर्ड शटलवर्थ

आपल्या गांवांतील एखादें जुनें देऊळ किंवा जुना वाडा पडावयास आला म्हणजे कोणी तरी पुढें होऊन त्याचा जीर्णोद्धार करितो, आणि अशा पुरुषाचें नांव गांवकरी पिढ्यान् पिढ्या काढितात. परंतु जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार केल्याबद्दल कोणाचें नांव निघालेलें आपल्या ऐकिवांत क्वचितच असेल. यंत्र जुनें झालें कीं तें मोडींत घालावयाचें व त्याच्या जागीं नवें आणावयाचें, अशीच जगाची रीत आहे. ही रीत न मानतां, लोकांनीं टाकून दिलेलीं विमानें ज्यानें गोळा केलीं, स्वतः हात काळे करून तीं दुरुस्त केलीं, आणि केवळ पाहण्यासाठीं नव्हे तर पुन्हां आकाशांत उडविण्यासाठीं तीं राखिलीं, अशा एका इंग्रज तरुणाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे. त्याचें नांव रिचर्ड ऑर्मंड शटलवर्थ. त्यास आयुष्य लाभलें अवघें ३१ वर्षांचें. पण त्यानें लावलेलें रोप आज मोठा वृक्ष होऊन उभें आहे.

जन्म व घराणें

इंग्लंडांतील बेडफोर्डशायर परगण्यांत ओल्ड वॉर्डन नांवाचें एक खेडें आहे. तेथील वाड्यांत ता. १६ जुलै १९०९ रोजीं रिचर्डचा जन्म झाला. त्यानंतर नवव्याच दिवशीं, म्हणजे ता. २५ जुलै रोजीं, लुई ब्लेरिओ ह्या फ्रेंच गृहस्थानें आपल्या चिमुकल्या विमानांतून इंग्लिश खाडी प्रथमच ओलांडली आणि सारें जग चकित झालें. पाळण्यांतील बाळास ह्या गोष्टीची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच जातीचें एक विमान पुढें ह्याच बाळाच्या हातून पुनर्जन्म पावावयाचें होतें, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

शटलवर्थ घराण्याची संपत्ति लोखंडांतून आलेली होती. रिचर्डचे आजोबा जोसेफ शटलवर्थ ह्यांनीं आपले मेहुणे नॅथॅनिएल क्लेटन ह्यांच्याशीं भागी करून १८४२ सालीं लिंकन शहरीं एक कारखाना काढिला. वाफेचीं इंजिनें व मळणीचीं यंत्रें ह्यांबद्दल ह्या कारखान्याची मोठी ख्याति झाली व त्याचा माल देशोदेशीं जाऊं लागला. त्या मिळकतींतून जोसेफ ह्यांनीं १८७२ सालीं ओल्ड वॉर्डनची इस्टेट विकत घेतली. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत ह्याच कारखान्यानें सॉपविथ ट्रायप्लेन व सॉपविथ कॅमल हीं लढाऊ विमानें बांधिलीं. म्हणजे यंत्रविद्या आणि विमानविद्या ह्या दोन्ही गोष्टी रिचर्डच्या घरच्याच होत्या म्हणावयाच्या.

रिचर्डचे वडील कर्नल फ्रँक शटलवर्थ ह्यांनीं उतारवयांत, १९०२ सालीं, ओल्ड वॉर्डनच्याच पाद्रीसाहेबांची कन्या डोरोथी हिच्याशीं विवाह केला. रिचर्ड हें त्यांचें एकुलतें एक अपत्य. तो अवघा तीन वर्षांचा असतां, १९१३ सालीं, वडील वारले. त्यामुळें मुलाच्या संगोपनाचा आणि एवढ्या मोठ्या इस्टेटीचा भार त्या माउलीवर पडला. ह्या डोरोथीबाईंचें नांव वाचकांनीं विसरूं नये. ह्या कथेच्या शेवटीं त्यांची आपणांस पुन्हां गांठ पडावयाची आहे.

शिक्षण व पहिलें यंत्रप्रेम

रिचर्डचें शिक्षण ईटन येथील प्रसिद्ध शाळेंत झालें. तेथून बाहेर पडल्यावर त्यानें लष्करांत प्रवेश केला व १६/५ लान्सर्स ह्या घोडदळाच्या पलटणींत तो अधिकारी झाला. परंतु घोड्यापेक्षां इंजिनाकडे त्याचा ओढा अधिक होता. लोक ज्या जुन्या मोटारी भंगार म्हणून टाकून देत, त्या तो मिळवी, त्यांचा एकेक भाग सोडवून साफ करी, आणि पुन्हां जोडून रस्त्यावर आणी. १८९८ सालची पानार्ड मोटार त्याच्या संग्रहांत होती. अशा मोटारींची लंडन ते ब्रायटन अशी एक वार्षिक फेरी निघत असे, तींत तो मोठ्या हौसेनें भाग घेई.

१९३२ सालीं, वयाच्या २३ व्या वर्षीं, वडिलोपार्जित इस्टेट त्याच्या ताब्यांत आली. त्यानें लष्कराची नोकरी सोडिली व तो घरीं परतला. हातीं अमाप पैसा, डोक्यावर वडीलधारा पुरुष नाहीं, आणि अंगांत तारुण्याचा जोर! अशा वेळीं किती श्रीमंत तरुणांची वाताहत झाली आहे, हें सांगावयास नकोच. रिचर्डनें मात्र आपल्या शेतांतच विमानें उतरण्याजोगी जागा केली आणि तिच्या कडेला कार्यशाळा उभारिली. त्याच सालीं त्यानें पहिलें विमान विकत घेतलें. तें डी हॅविलंड कंपनीचें मॉथ जातीचें, १९२८ सालीं बांधलेलें होतें. तें विमान अद्यापि ओल्ड वॉर्डन येथेंच असून १९३२ पासून तेंच त्याचें घर आहे.

हिंदुस्थानची सफर

आपल्या देशाशींही ह्या चरित्राचा थोडा संबंध आहे. १९३३ सालीं दिल्ली येथें व्हाइसरॉयच्या चषकासाठीं विमानांची शर्यत होणार होती. तींत भाग घेण्यासाठीं रिचर्ड आणि त्याचा मित्र जॉर्ज स्टेड असे दोघे आपापलीं विमानें घेऊन इंग्लंडाहून निघाले. हीं विमानें कॉम्पर स्विफ्ट ह्या जातीचीं होतीं. हें विमान एकाच माणसाचें; त्याच्या पंखांचा विस्तार जेमतेम २४ फूट. अशा खेळण्यासारख्या विमानांत एकट्यानें बसून यूरोप, वाळवंटें व समुद्रकिनारे मागें टाकीत हिंदुस्थानपर्यंत यावयाचें, ही गोष्ट त्या काळीं लहानसहान नव्हती. वाटेंत इंजिन बिघडलें तर तें दुरुस्त करावयास दुसरा कोणी नाहीं. ज्याचें इंजिन त्यानेंच तें जाणलें पाहिजे. त्याच काळांत हिंदुस्थानांत नोंदलें गेलेलें व ह्याच चषकाच्या शर्यतींत उडालेलें तांबड्या रंगाचें एक स्विफ्ट विमान पुढें ओल्ड वॉर्डनच्या संग्रहांत येऊन दाखल झालें, हाही एक ऋणानुबंधच म्हणावयाचा.

मोटारींच्या शर्यतींतही रिचर्डनें नांव मिळविलें. १९३५ च्या ऑक्टोबरांत डोनिंग्टन येथें झालेली पहिली मोठी शर्यत त्यानें आल्फा रोमिओ मोटारींतून जिंकिली. परंतु पुढील जानेवारींत दक्षिण आफ्रिकेंतील ईस्ट लंडन येथें शर्यत चालू असतां त्याची मोटार उलटली व त्यास प्राणांतिक इजा झाली. दैव बलवत्तर म्हणून तो वांचला. ह्या अपघातानंतर शर्यतींतील वेगाची हौस मागें पडली, आणि जुन्या विमानांचें काम हेंच त्याच्या मनांत अग्रभागीं आलें.

टाकाऊंतून उभारलेला संग्रह

त्या काळीं विमानविद्येस नुकतींच कोठें ३० वर्षें होऊन गेलीं होतीं. दरवर्षीं नवीं, अधिक वेगवान विमानें निघत. म्हणून दहा वर्षांपूर्वींचें विमान म्हणजे अडगळ असें सर्व मानीत. पहिल्या महायुद्धांतील हजारों विमानें जाळून व मोडून टाकण्यांत आलीं होतीं. उरलेलीं कोठें गवताच्या कोठारांत, तर कोठें गाडीखान्यांत धूळ खात पडलीं होतीं. ह्या बालयुगाच्या खुणा अशाच नाहींशा झाल्या तर पुढील पिढ्यांस त्या पाहावयास मिळणार नाहींत, ही गोष्ट ज्या थोड्यांच्या ध्यानांत आली त्यांत रिचर्ड अग्रेसर होता.

१९३५ सालीं त्याच्या परगण्यांतील एका हौशी गृहस्थापासून त्यास दोन विमानें मिळालीं. एक ब्लेरिओ व दुसरें देपर्दुसॅं. हें ब्लेरिओ विमान खाडी ओलांडणाऱ्या त्या सुप्रसिद्ध विमानाचेंच भावंड होय. तें १९०९ सालीं बांधलेलें असून त्यावर कारखान्याचा अनुक्रमांक १४ आहे. हेंडन येथें ब्लेरिओची विमानशाळा होती, तेथें तें शिकाऊ विद्यार्थ्यांच्या हातीं असे. १९१२ सालीं तें आपटून मोडलें आणि लंडनमधील एका रेल्वेपुलाखालीं पडून राहिलें. तेथून त्या गृहस्थानें तें उचललें होतें. रिचर्डनें आपला कुशल कारागीर जॅक्सन ह्याच्या साह्यानें हीं दोन्ही विमानें पुन्हां उड्डाणास योग्य केलीं. मूळच्या इंजिनासह अद्यापि उडूं शकणारें जगांतील सर्वांत जुनें विमान म्हणून ह्या ब्लेरिओची गणना होते.

दुसरें एक उदाहरण सॉपविथ पप ह्या युद्धकालीन विमानाचें. पुढें १९१९ च्या सुमारास त्याच आराखड्यावरून दोन माणसांसाठीं डव्ह नांवाचें विमान बांधण्यांत येऊं लागलें होतें. अशा एका डव्हचा सांगाडा रिचर्डनें विकत घेतला आणि त्यास मूळच्या एकासनी पपचें रूप दिलें. जेथें मूळ वस्तु मिळेना तेथें तिच्या सख्ख्या भावंडापासून ती घडवावी, अशी ही युक्ति होती.

हातांची विद्या

आतां हें काम कसें चालतें तें थोडें विस्तारानें पाहूं. कारण ह्या चरित्राचें मर्म त्यांत आहे.

आरंभींच्या विमानाचा सांगाडा ॲश व स्प्रूस अशा लांकडांचा असे. त्याच्या चौकटी पोलादी तारांनीं ताणून बांधिलेल्या असत, आणि पंखांवर तागाचें कापड शिवून त्यावर रोगण देत, म्हणजे तें ढोलकीच्या कातड्याप्रमाणें ताठ होई. जीर्णोद्धार करणारास सुताराची, शिंप्याची, लोहाराची व तांबटाची अशी चारही विद्या हवी. एखादी पट्टी वरून चांगली दिसते पण आंतून किडलेली असते. एखाद्या पोलादी सांध्याला केसासारखी चीर गेलेली असते. ती नजरेंतून सुटली तर दंड भरावा लागतो तो पैशानें नव्हे, प्राणानें.

त्या काळचें इंजिनही विलक्षण. सॉपविथ पपच्या इंजिनांत दांडा विमानाला घट्ट बसविलेला असून त्याच्याभोंवतीं सर्व नळकांडीं पंख्यासकट गरगर फिरतात. अशा इंजिनांस वंगण म्हणून एरंडेल लागे. तें एकदां आंत गेलें कीं परत येत नसे. जळलेल्या वाफेबरोबर बाहेर उडून वैमानिकाच्या तोंडावर बसे. अशा इंजिनाचे सुटे भाग बाजारांत मिळण्याची आशा नाहीं. म्हणून जुन्या भागाचें माप घेऊन नवा भाग चरकावर कांतून काढावा लागे.

पुढें विमानें धातूच्या पत्र्याचीं होऊं लागलीं तेव्हां पत्राकामास महत्त्व आलें. इंजिनावरील गोलाकार झांकण घ्या. तें सपाट पत्र्यापासून घडवावयाचें असतें, आणि त्याची वक्रता दोन्ही दिशांनीं असते. कारागीर पत्रा वाळूनें भरलेल्या कातडी पिशवीवर ठेवून लांकडी मोगरीनें त्यास खोलगटपणा देतो. मग दोन चाकांच्या एका यंत्रांत तो पत्रा हातानें मागेंपुढें सरकवितो. त्यांपैकीं वरचें चाक सपाट व खालचें फुगीर असतें. प्रत्येक फेरींत पत्रा थोडा थोडा ताणला जाऊन गुळगुळीत वळण घेतो. पुण्याच्या तांबट आळींतून ज्यानें कधीं फेरी मारली असेल, त्यास तेथील कारागीर तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके देऊन माठार काम कसें करितात तें ठाऊक असेल. जात एकच, त्यांचा घंगाळ, ह्यांचें विमान.

ठोकतां ठोकतां ॲल्युमिनियम कडक होतें व चिरूं लागतें. मग त्यास भट्टींत किंवा ज्योतीवर तापवून पुन्हां मऊ करावें लागतें. पण तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडासारखें लाल होत नाहीं. क्षणभर अधिक आंच लागली तर एकदम वितळून जातें. ह्यावर जुन्या कारागिरांनीं सुरेख युक्ति काढिली आहे. पत्र्यावर साबणाची रेघ ओढावयाची. ती काळी पडली कीं आंच पुरे! ड्युरॅल्युमिन नांवाच्या मिश्र धातूची तऱ्हा आणखी निराळी. तो सुमारें ५०० अंशांपर्यंत तापवून एकदम पाण्यांत बुडविला म्हणजे तास दोन तास मऊ राहतो, व पुढें कोणी हात न लावतां आपोआप कडक होत जातो. तेवढ्या अवधींत त्यास आकार द्यावयाचा. वेळ साधली नाहीं तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ. कामगाराच्या अंगीं घाई असून चालत नाहीं, आणि आळसही असून चालत नाहीं.

हें सर्व करावयास लक्षाधीश रिचर्डास कधीं कमीपणा वाटला नाहीं. तेलकट कपडे घालून तो कामगारांच्या खांद्यास खांदा लावून काम करी. आमच्याकडे चार इयत्ता शिकलेल्या मुलास हातांत कानस धरण्याची लाज वाटते. त्यानें ह्या गोष्टीचा विचार करावा.

अकाली अंत

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटलें. कार्यशाळेचीं दारें बंद झालीं, जुनीं विमानें झांकून ठेविलीं गेलीं, आणि रिचर्ड विमानदलांत दाखल झाला. ता. २ ऑगस्ट १९४० च्या रात्रीं, बेन्सन येथील तळावरून फेअरी बॅटल जातीच्या विमानांत बसून तो रात्रींच्या उड्डाणाचा सराव करीत होता. त्या उड्डाणांत त्याचें विमान कोसळलें व तो जागच्या जागीं मरण पावला. ज्यानें ३० वर्षांचीं जुनींपुराणीं विमानें निर्भयपणें उडविलीं, त्यास मृत्यूनें गांठलें तें सैन्याच्या आधुनिक विमानांत! ओल्ड वॉर्डनच्या चर्चच्या आवारांत त्याचें दफन झालें.

मातेचें कार्य

नवरा गेला, एकुलता एक मुलगा गेला. त्याचें लग्न झालेलें नव्हतें, म्हणून घराण्याला वारस उरला नाहीं. अशा स्थितींत डोरोथीबाईंनीं दुःखानें दार लावून घेतलें असतें, किंवा ती यंत्रांची अडगळ विकून टाकिली असती, तरी त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु त्यांनीं निराळा मार्ग धरिला. युद्धकाळांत त्यांचा वाडा रेड क्रॉसच्या विद्यमानें जखमी वैमानिकांस विश्रांति व शुश्रूषा मिळण्यासाठीं खुला झाला. १९४४ सालीं त्यांनीं आपली सर्व इस्टेट मुलाच्या स्मरणार्थ एका विश्वस्त संस्थेच्या हवालीं केली. विमानविद्येचें आणि शेतीचें व वनसंवर्धनाचें शिक्षण देणें हा संस्थेचा हेतु ठरविण्यांत आला. युद्ध संपल्यावर वाड्यांत शेतकी विद्यालय सुरू झालें. मुलाचीं विमानें तर राहिलींच. शिवाय त्यांची निगा राखण्यास जॅक्सनही राहिला. १९६३ पासून हा संग्रह सर्व लोकांस पाहण्यास खुला झाला. १९६८ सालीं डोरोथीबाई निवर्तल्या. आपल्या मुलाचीं विमानें पुन्हां उडतांना त्यांनीं पाहिलीं, एवढें समाधान त्यांस लाभलें.

वृक्षाचा विस्तार

रिचर्डचे मित्र व त्याच्या मागून आलेले कारागीर ह्यांनीं हें कार्य पुढें चालविलें. पहिल्या महायुद्धांतील एस. ई. ५ए जातीचें एक विमान एका कारखान्याच्या छपराला टांगलेलें आढळलें. तें खालीं उतरवून १९५९ पर्यंत पुन्हां उडतें करण्यांत आलें. हॉकर हाइंड जातीचें एक विमान अफगाण विमानदलाजवळ होतें. तें दलानें १९७० सालीं देणगी दिलें. तेव्हां तें काबूलहून खुष्कीच्या मार्गानें, मालमोटारीवर घालून, डोंगर-वाळवंटें ओलांडीत इंग्लंडास आणिलें. ११ वर्षें त्यावर खपल्यावर १९८१ सालीं त्यानें आकाश पाहिलें. १९३४ सालीं इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया ही महाशर्यत ७१ तासांच्या आंत जिंकणारें कॉमेट विमानही ह्याच संग्रहांत आहे. ह्या शर्यतींत आपलें अलाहाबाद हें एक सक्तीचें थांबण्याचें ठिकाण होतें.

सॉपविथ ट्रायप्लेनची गोष्ट तर विशेष मनोरंजक आहे. यॉर्कशायरांतील कांहीं हौशी माणसांनीं, फावल्या वेळांत, पगार न घेतां, मूळच्या आराखड्याबरहुकूम ह्या विमानाचा एकेक तुकडा घडविला. वर्षांमागून वर्षें लोटलीं. काम इतकें सच्चें झालें कीं खुद्द वृद्ध सर टॉमस सॉपविथ ह्यांनीं त्यास नकलेंत न गणतां आपल्या मूळ मालिकेंतीलच एक, जरा उशिरां झालेलें विमान, असें मान्य केलें.

जुनी मोगरी आणि नवें पातें

अलीकडे ह्या विद्येंत नवीं साधनें आलीं आहेत. जुन्या भागाचें माप आतां प्रकाशकिरणांनीं घेतां येतें, आणि त्यावरून संगणकावर नकाशा तयार होतो. मग बारीक रेती मिसळलेली पाण्याची धार प्रचंड दाबानें सोडून जाड पोलाद किंवा ॲल्युमिनियम लोण्याप्रमाणें कापलें जातें. करवतीनें ज्या सांध्याच्या पट्ट्या कापावयास आठवडा लागे, त्या अशा यंत्रावर कांहीं तासांत होतात, आणि शंभरावी पट्टी पहिलीसारखीच निघते. पाण्याच्या धारेचा आणखी एक गुण असा कीं तिच्यानें धातु तापत नाहीं; म्हणून ज्या धातूस मुद्दाम पाणी दिलेलें असतें त्याचा कडकपणा कांठाशीं बिघडत नाहीं. किरणांनीं कापणारीं यंत्रेंही आहेत. पण त्यांच्या आंचेनें कांठ तापतात, म्हणून कोणता भाग कशानें कापावा हें जाणत्यानेंच ठरवावें लागतें.

तर मग जुन्या कारागिराचें काम संपलें काय? मुळींच नाहीं. यंत्र सपाट पत्रा बिनचूक कापून देतें. पण त्यास पंखाच्या टोंकाचें किंवा इंजिनावरील झांकणाचें डौलदार वळण हातानेंच द्यावें लागतें. शिवाय यंत्राला काय कापावयाचें हें सांगणारा माणूस हवा. जुनी पट्टी वापरामुळें वांकली आहे कीं मुळांतच तशी होती, हें त्या प्रकाशकिरणांस समजत नाहीं. तें ज्याच्या हातून शंभर पट्ट्या गेल्या त्यासच समजतें. नव्या पात्यानें जुन्या मोगरीचा वेळ वांचविला आहे, तिची जागा घेतलेली नाहीं.

येथें एक शंका विचारी वाचकाच्या मनांत येईल. लांकूड बदललें, कापड बदललें, पत्रा बदलला; मग तें विमान तेंच राहिलें काय? आणि जगांत एकमेव उरलेली वस्तु आकाशांत नेऊन धोक्यांत कां घालावी? कांचेच्या कपाटांत ती सुखरूप राहणार नाहीं काय? ही शंका रास्त आहे, आणि ह्या विषयांतील जाणत्यांचेंही तिजबद्दल एकमत नाहीं. कित्येक विमानें न उडविणेंच इष्ट, असें मोठमोठ्या संग्रहालयांनीं ठरविलें आहे व त्यांचेंही म्हणणें सयुक्तिक आहे. रिचर्डचा पक्ष मात्र दुसरा होता. विमान उडतें ठेविलें म्हणजे तें उडविण्याची, दुरुस्त करण्याची व घडविण्याची विद्याही जिवंत राहते. कपाटांत ठेविलें तर वस्तु राहते पण विद्या मरते. तथापि ह्या पक्षांतही अविचारास जागा नाहीं. त्या वृद्ध ब्लेरिओस आज वादळवाऱ्यांत कोणी नेत नाहीं. संध्याकाळीं वारा अगदीं पडला, झाडाचें पान हलेनासें झालें, म्हणजेच त्यास बाहेर काढितात. धांवपट्टीच्या वर थोडें उचलून सरळ रेषेंत कांहीं अंतर नेतात, आणि लगेच हळुवार खालीं उतरवितात. घरांतील शंभरीच्या आजोबांस अंगणांत दोन पावलें चालवावें, तसाच हा प्रकार. तेवढ्या दोन पावलांसाठीं शेंकडों लोक श्वास रोधून उभे असतात.

उपसंहार

विद्यार्थिमित्रहो, रिचर्ड शटलवर्थनें नवें विमान शोधून काढिलें नाहीं. तो मोठा शास्त्रज्ञ नव्हता, कीं रणांगणावर पराक्रम गाजविणारा सेनापतीही नव्हता. त्याच्या हातून घडलें तें एवढेंच कीं, इतरांच्या लेखीं जें भंगार होतें त्यांत त्यास पूर्वजांचे श्रम दिसले, आणि ते श्रम वायां जाऊं द्यावयाचे नाहींत असा त्यानें निश्चय केला. त्या निश्चयासाठीं त्यानें धन वेंचलें, आणि धनापेक्षां दुर्मिळ असे स्वतःचे हात वेंचले.

आपल्या घरांतही आजोबांचा चरक, आजीचें जातें, वडिलांचें हातमागाचें सामान माळ्यावर पडलेलें असेल. येत्या सुटींत तें खालीं काढा. त्यावरील गंज घांसून टाका. कोणता भाग कशासाठीं आहे तें घरांतील वडील माणसांस विचारा, आणि सांगणारें माणूस हयात आहे तोंवरच विचारा. वस्तु पुन्हां मिळूं शकेल. ती चालविणारे हात एकदां गेले म्हणजे परत येत नाहींत. आणि पालकांस एवढीच विनंती कीं, मुलाचे हात तेलानें काळे झालेले दिसले तर त्यास रागें भरण्यापूर्वीं तो काय दुरुस्त करीत आहे तें एकदां पाहावें.